बदली तुमची, बिऱ्हाड तिचं

पत्र

ताई, जय हिंद. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रसामग्री-दुरुस्ती विभागात, हवालदार आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली, लग्नाला नऊ. सध्या काश्मीरमध्ये फील्डला आहे आणि जानेवारीत बठिंड्याला रिपोर्ट करायचं आहे, पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येईल अशी. आत्तापर्यंत चार बदल्या झाल्या, चारही वेळा एकटाच गेलो. ट्रंक उचलली, होल्डॉल बांधला, निघालो. या वेळी पहिल्यांदाच बायको आणि मुलीला न्यायचं म्हणतोय. मुलगी मराठी माध्यमात तिसरीत आहे. बायको बी.एड. आहे, खासगी हायस्कूलमध्ये शिकवते. क्वार्टर कधी मिळेल हे कुणी नीट सांगत नाही. आई म्हणते, इतकी वर्षं निभावलं, आता कशाला मोडताय बसलेली घडी. बायकोला विचारलं तर 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच. जानेवारीत सगळे मिळूनच जावं, की आधी मी जाऊन मग त्यांना आणावं? मुलगी मात्र फोनवर रोज एकच विचारते, सायकल नेता येईल का.

उत्तर

हवालदार भाऊ, जय हिंद.

न्या त्यांना. पण जानेवारीत नको. जानेवारीत तुम्ही एकटे जा, त्या दोघी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येऊ देत.

जानेवारी का नको, हे पंजाबात एक हिवाळा काढलेला कुणीही सांगेल. धुक्यात गाड्या आठ-आठ, दहा-दहा तास उशिरा धावतात. मुलीला घेऊन थंडीत रात्रभर फलाटावर बसायचं आणि उतरल्यावर हक्काचं दार नाही, ही नव्या घराची सुरुवात नव्हे. मे-जून पण नको, पारा पंचेचाळिशीला टेकतो. मधली एप्रिलची फट आहे, आणि योगायोगाने शाळेचं गणितही तिथेच जुळतं. त्यावर पुढे येते.

आधी तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले ते सांगते. 'तुम्ही म्हणाल तसं.' याला तुम्ही होकार समजलात. मी अशी वाक्यं स्वतः म्हणून चुकलेली बाई आहे, म्हणून सांगते, तो होकार नाही. जिला काहीच माहीत नाही तिने मत तरी काय द्यायचं? तुमच्या चार बदल्यांत तुम्हाला काय लागलं? एक ट्रंक, एक होल्डॉल. पोचलात की बॅरकमध्ये खाट तयार, लंगरमध्ये जेवण तयार, सकाळी फॉलइनला उभं राहायचं की लागले कामाला. तिला तिथे यातलं काहीच तयार मिळणार नाही. तिची खाट, तिचं जेवण आणि तिचं काम, तिन्ही गोष्टी तिने शून्यापासून उभ्या करायच्या आहेत. आणि त्यात तुम्ही नसणार आहात.

हे वाचून राग येईल, पण पीस स्टेशनवर जवान घरी असतो हा गोड गैरसमज आहे. आमचे हे सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बावीस वर्षांत मी आठ घरं लावली. पहिल्या घरी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी हे फायरिंग रेंजवर गेले, परत आले तेव्हा अठरा दिवस झाले होते. पाचव्या रात्री मुलाला एकशे तीन ताप. मिलिटरी हॉस्पिटल दीड किलोमीटरवर होतं, पण मला ते कोणत्या दिशेला आहे हेच माहीत नव्हतं. शेजारच्या घरातल्या तमिळ बाईने मला हाताला धरून नेलं. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये पोराला तपासलं, औषध दिलं, सगळं नीट झालं. पण डिपेंडंट कार्ड मागितलं तेव्हा कळलं की ते यांच्या ट्रंकेत आहे, आणि ट्रंकेची किल्ली यांच्या खिशात, रेंजवर.

म्हणून सगळी तयारी एका गोष्टीवर बेता: त्या दोघी पोचल्यावर चौथ्या दिवशी तुम्हाला एक्सरसाइजला जावं लागलं, तर तिचं अडेल का?

अडणारी पहिली गोष्ट म्हणजे कागद. तुमच्याकडे तीन महिने आहेत, ते यात घाला. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या लष्करी आदेशात, लग्न आणि मुलीचा जन्म प्रसिद्ध झालाय हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण नावं कशी लागली आहेत ते आजच क्लार्ककडे बसून अक्षर न् अक्षर वाचा. आपल्या मराठी माणसांची इथे हमखास पंचाईत होते. बायकोचं पार्ट टूमधलं नाव सासरचं, बी.एड.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर कदाचित तिसरंच. मुलीच्या जन्मदाखल्यात नाव आधी, शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. परराज्यातला कारकून मात्र पहिला शब्द तेच नाव धरतो. माझ्या मुलाला एका शाळेत दोन महिने सगळे आडनावानेच हाक मारत होते, आणि तो बिचारा समजत होता की इथे अशीच पद्धत आहे.

जिथे फरक असेल तिथे दुरुस्ती सध्याच्या युनिटमधूनच सुरू करा. प्रकरण रेकॉर्ड ऑफिसपर्यंत जातं, वेळ खातं, आणि नव्या युनिटमधल्या क्लार्कला तुमचा इतिहास माहीत नसतो. तुमच्या चौदा वर्षांतल्या बदल्यांचं तारखांसह सर्टिफिकेटही इथूनच सहीशिक्क्यानिशी घ्या, ते शाळेला लागेल. डिपेंडंट कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, आधार, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, मुलीच्या लसीकरणाची नोंद, हे सगळं एका फाइलमध्ये घालून ती फाइल बायकोकडे द्या. तुमच्या ट्रंकेत नको. प्रती तुम्ही ठेवा, मूळ कागद तिच्याकडे. तुमच्याकडे बहुतेक उलट असणार. आमच्याकडेही उलटच होतं.

आता क्वार्टर. किती दिवस लागतील हे कुणी सांगत नाही, कारण सांगणं खरंच कठीण आहे. किती जण पोस्टिंगवर येतायत, किती जातायत, कोणती घरं दुरुस्तीला निघालीत, यावर ते हलतं. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे: यादीत नाव लवकर लागणं. इन्फन्ट्रीत अख्खी पलटण एकत्र हलते, आधी ॲडव्हान्स पार्टी जाते, घरांचं बघणारी माणसं असतात. ईएमईवाल्याला तो आधार नाही, तुम्ही एकांडे शिलेदार. म्हणून आत्ताच नव्या युनिटच्या हेड क्लार्कला किंवा सीनियर जेसीओंना (सुभेदार वगैरे) फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. मॅरिड अकोमोडेशनचा अर्ज रिपोर्ट केल्याच्या दिवशीच देता येतो का? सीनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरतात? सध्या तुमच्या रँकची वेटिंग किती आहे? तिसऱ्याचं उत्तर अंदाजपंचेच मिळेल, तरी विचारा. तिथे कुणी ग्राईं, म्हणजे आपल्या गावाकडचा, भेटला तर तोच खरा आकडा सांगेल.

एप्रिलपर्यंत क्वार्टर हाती आलं नाही तर बाहेर भाड्याने राहता येतं. त्यासाठी स्टेशनकडून घर उपलब्ध नसल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे एनएसी, घ्या. त्याशिवाय एचआरएचं, म्हणजे घरभाडे भत्त्याचं, घोडं अडतं. बठिंड्याला एचआरए पुण्या-मुंबईच्या दराने मिळत नाही, हे बजेट करताना लक्षात असू द्या. भाड्याचं घर घेतलंत तर शक्यतो गेटजवळचं बघा, चार पैसे जास्त गेले तरी. तुम्ही नसताना तिला हॉस्पिटल, कॅन्टीन, शाळा सगळं आतच लागणार आहे.

क्वार्टर मिळालं की मार्चिंग इनच्या, म्हणजे ताबा घ्यायच्या, दिवशी आनंदाच्या भरात सही ठोकू नका. एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याचा, माणूस यादी घेऊन उभा असतो आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई असते. तुम्ही घाई करायची नाही. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक पंखा चालवा, खिडक्यांच्या काचा मोजा, संडासची टाकी भरते का बघा, दारांच्या कड्या लावून बघा. तडकलेली काच यादीत 'तडकलेली' म्हणूनच लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नाहीतर दोन-तीन वर्षांनी मार्चिंग आउटला ती काच तुम्ही फोडली असं ठरतं आणि बॅरक डॅमेजच्या नावाखाली पैसे कापले जातात. आम्ही एका स्टेशनवर जिचा पाय आम्ही येण्याआधीच मोडलेला होता अशा टेबलाचे पैसे भरलेत. टेबलाला चौथ्या पायाऐवजी विटा होत्या, आणि यादीत लिहिलं होतं, 'टेबल, एक, चांगल्या स्थितीत.' सही आमचीच होती.

शाळेकडे येते. केंद्रीय विद्यालय आणि आर्मी पब्लिक स्कूल, दोन्हींचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्याकडची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, आणि शाळा उघडते जूनमध्ये. म्हणजे वर्ष पूर्ण करून निघालात तर तिकडचा चौथीचा वर्ग सुरू झालेला असणार. मुख्याध्यापकांना बदलीचं सांगून तिची परीक्षा मार्चअखेर घेण्याची विनंती आत्ताच करून ठेवा. बहुतेक जण ऐकतात, तिसरीच तर आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीनंतरच्या वर्गांत जागा रिकाम्या असतील तरच प्रवेश, आणि प्राधान्य ठरवताना पालकाच्या गेल्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात. ते सर्टिफिकेट म्हणूनच घ्यायला सांगितलं. एकदा ती केंद्रीय विद्यालयात शिरली की पुढच्या बदलीला त्यांच्याच दाखल्यावर दुसऱ्या गावच्या केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतो, हा मोठा फायदा आहे. तुमच्यासारख्या अजून बरीच नोकरी बाकी असलेल्याने तो सोडू नये. आर्मी पब्लिक स्कूललाही समांतर अर्ज भरा, सेवेतल्या जवानांच्या मुलांना तिथे प्राधान्य असतं.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. दुसऱ्या राज्यात आणि दुसऱ्या बोर्डात जाताना ती मागतात, आणि एका सहीसाठी बठिंड्याहून कुणाला परत पाठवणार? यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीतला, पेन नंबर (मुलीचा कायमचा शिक्षण क्रमांक) हाही लिहून घ्या. दाखल्याला उशीर झालाच तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की आठवीपर्यंत मुलाला शाळा बदलायचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही; केंद्रीय विद्यालयं आणि विनाअनुदानित शाळा मात्र या तरतुदीतून वगळल्या आहेत.

मराठी माध्यमातून थेट हिंदी-इंग्रजीत, याची धास्ती तुम्हाला आहे, पत्रात लिहिली नसली तरी. हिंदीची लिपी तिला येते, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. राहिलेलं अर्धं मात्र गमतीशीर छळतं. आपलं 'ते पुस्तक' तिकडे 'मेरी पुस्तक' होतं, नपुंसकलिंग हा प्रकारच नाही. आणि काही शब्द दिसायला आपले पण अर्थाने परके. माझ्या मुलाला पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी प्रेमाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "यहाँ तुम्हें बहुत अच्छी शिक्षा मिलेगी." पोरगं घरी येऊन रडलं. म्हणे, मी तर काहीच केलं नाही. तेव्हा जानेवारी ते मार्च तिच्याशी रोज फोनवर दहा मिनिटं हिंदीत बोला. तुमची फौजी हिंदी व्याकरणाने कशीही असली तरी चालेल, कानाला सवय झाली पाहिजे. इंग्रजीसाठी तिसरीची एनसीईआरटीची पुस्तकं आत्ताच मागवा, आई शिक्षिका आहे, ती बघेल.

आई शिक्षिका आहे, आणि तुमच्या पत्रात तिच्या नोकरीला अर्धं वाक्य आहे. 'तुम्ही म्हणाल तसं'च्या मागे बहुतेक तेच आहे, तिला विचारा. नोकरी सोडायची की बिनपगारी रजा मिळते हे संस्थेला तिने स्वतः विचारावं, तुम्ही तिच्या वतीने राजीनाम्याची भाषा करू नका. आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिकवायचं तर एडब्ल्यूईएसची, म्हणजे या शाळा चालवणाऱ्या लष्करी संस्थेची, स्क्रीनिंग परीक्षा असते, त्यासोबत शिक्षक पात्रता परीक्षा, केंद्राची सीटीईटी किंवा राज्याची टीईटी, लागते. एक खबरदारी: बी.एड. झालेल्यांनी पहिली ते पाचवीच्या जागांवर भिस्त ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल दिला की प्राथमिकसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एड. किंवा डी.एल.एड. हवं. त्यामुळे तिने सीटीईटी द्यायची तर सहावी ते आठवीचा पेपर द्यावा. आणि लगेच नोकरी मिळाली नाही तरी स्टेशनवर शिकवणीला मुलं कमी नसतात. माझ्या शेजारणीने क्वार्टरच्या व्हरांड्यात गणिताचा वर्ग काढला होता, तिच्याकडे दोन कर्नलांची मुलंही यायची. फक्त स्टेशनचे नियम विचारून करावं.

तुमच्या आईंचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. नऊ वर्षं ती घडी त्यांनीच सांभाळली, आणि सून-नात गेली की घर रिकामं होणार आहे त्यांचं. त्यांच्याशी 'मुलीच्या शिक्षणासाठी' वगैरे कारणं काढून बोलू नका, सरळ सांगा की मला माझी बायको-मुलगी सोबत हवी आहेत. पीसची पोस्टिंग दोन-तीन वर्षांची, त्यानंतर पुन्हा फील्ड ठरलेलं. पुढच्या पीसला मुलगी नववी-दहावीत असेल आणि तेव्हा तिला हलवायला तुम्हीच तयार होणार नाही. आईंना दिवाळीनंतर दोन महिने बठिंड्याला आणा. त्यांचं डिपेंडंट कार्ड नसेल तर तेही याच तीन महिन्यांत करून घ्या.

पैशाचं थोडक्यात. ट्रान्सफर ग्रँट मूळ पगाराच्या ऐंशी टक्के मिळते. कुटुंबाचा प्रवास आणि सामान तुमच्याबरोबरच गेलं पाहिजे असं नाही, नंतर नेलं तरी क्लेम होतो, पण त्याला मुदत असते. ती क्लार्ककडून लेखी घ्या, एप्रिल त्यात बसतो ना बघा. ॲडव्हान्सही मागता येतो. सामान नेणारा माणूस ओळखीतून, आधी नेलेल्या जवानाला विचारून ठरवा, पूर्ण पैसे आधी देऊ नका, पक्कं बिल घ्या. मोटरसायकल रेल्वेने पाठवलीत तर टाकी रिकामी करूनच पाठवावी लागते. आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नंबर बदलावा लागतो, म्हणून २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या नंबरांचा, विचार करा. सैन्यातल्यांना ती मिळते, आणि आधी घेतलेली गाडीही तिच्यात बदलून घेता येते.

सुट्टीचं एक. जानेवारीत नवं वर्ष, नवी सुट्टी. जॉइन झाल्यावर ओसी साहेबांचा, म्हणजे युनिटच्या प्रमुखांचा, इंटरव्ह्यू होईल तेव्हाच सांगून टाका की एप्रिलमध्ये फॅमिली आणायची आहे, आठ-दहा दिवस लागतील. पहिल्या दिवशी सांगितलेलं लक्षात राहतं, मार्चमध्ये सांगितलेलं गैरसोयीचं वाटतं. आणि बायकोला सांगा, पोचल्यावर फॅमिली वेल्फेअरच्या पहिल्या मीटिंगला जा, कंटाळवाणी वाटली तरी. मला ती भाषणं कधीच आवडली नाहीत. पण ताप आलेल्या रात्री कुणाचं दार वाजवायचं, हे तिथेच ठरतं.

गाडीची तारीख, डब्याचा नंबर, नवं युनिट, हे घरच्यांपैकी कुणी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकणार नाही एवढं बघा. मेहुण्यांना विशेष सांगा.

राहता राहिली सायकल. न्या, अगदी नक्की न्या. सामानाच्या ट्रकमध्ये ती सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. हवा काढून, हँडल आडवं करून, चेनला जुनं फडकं गुंडाळून. लष्करी वसाहतीतले रस्ते सरळ, गाड्या हळू, संध्याकाळी पाच वाजले की सगळ्या क्वार्टरांमधली पोरं सायकलीवर बाहेर पडतात. तिला सांगा, ताई म्हणाल्या, घंटी चांगली वाजणारी बसवून घे.